गाडी जागेवर आहे

बायको, शामला, गेली हे नत्थूजींना बुटीबोरीत कळलं. सूतगिरणीत मशीनजवळ फोन नेऊ देत नाहीत. ते खाली वाकून बेअरिंग बसवत होते. सुपरवायझर आला, मशीन बंद करायला लावली आणि म्हणाला, "नत्थूजी, हात धुऊन घ्या. घरी जायचं आहे." काय झालं ते त्यानं गाडीत बसल्यावर सांगितलं. सदर भागातल्या ज्या कापड दुकानात शामला हिशेब पाहायची, तिथंच खुर्चीवर बसल्या बसल्या ती कलंडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या गडबडीत तिच्या स्कूटरची आठवण कोणालाच राहिली नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या रितिकानं, त्यांच्या मुलीनं, फोन उघडून पाहिला. आईची आधीची गाडी चोरीला गेली तेव्हा तिनं नव्या गाडीत एक डबी बसवून घेतली होती. ती डबी उपग्रहांवरून आपली जागा काढते आणि रितिकाच्या फोनमधल्या नकाशावर निळा ठिपका दिसतो. गाडी जागची हलली की फोन वाजतो. ठिपका सदरला, दुकानामागच्या गल्लीत होता.

नत्थूजी गाडी आणायला गेले. त्यांना स्कूटर येत नव्हती. नोकरीभर कंपनीची बस नाक्यावरून घेऊन गेली. बाकी कुठं जायचं तर शामला पुढं आणि ते मागं. म्हणून त्यांनी गाडी सदरपासून गिट्टीखदानच्या घरापर्यंत ढकलत आणली. रस्त्यात एकानं विचारलं, "काका, पेट्रोल संपलं काय?" ते "हो" म्हणाले. दुसरं काय सांगणार?

तेरवी झाली, रितिका पुण्याला नोकरीवर गेली. नत्थूजी कामावर जायला लागले. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला तो तसाच राहिला. शेजारच्या अंजनाबाईंना वास आला म्हणून बरं. एका रविवारी डबा घेऊन ते नाक्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभे राहिले. हे सगळं अंजनाबाईंनी रितिकाला फोनवर सांगितलं. चांगल्यासाठीच सांगितलं.

सप्टेंबरात एका संध्याकाळी रितिकाचा फोन आला.

"बाबा, आईची गाडी घेऊन कुठं चालले?"

"मी? मी तं कुकर लावून राहिलो."

"गाडी रोडवर दाखवून राहिली."

नत्थूजींनी अंगणात डोकावलं. "अंगणात उभी आहे ना वं."

"बरं," ती म्हणाली. पण त्या 'बरं'मध्ये काही बरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर पुन्हा फोन. मग एक दिवस सोडून पुन्हा. कधी गाडी रस्त्यावर, कधी समोरच्या करिष्माच्या घरात. दिवसा मात्र काही नाही. अंजनाबाईंनी लगेच निकाल दिला.

"पितृपंधरवडा चालू आहे, नत्थूभाऊ. शामला येऊन राहिली. तिले गाडीशिवाय कुठं करमत होतं?"

"पहिल्या वर्षी येत नाही म्हणतात ना?"

"ती कधी नियमानं वागली काय?"

नत्थूजी किती दिवसांनी हसले. पण घरात येऊन बसल्यावर हसू गेलं. गॅस बंद केला असं वाटलं होतं आणि केला नव्हता. मग गाडीही आपणच काढत असलो तर? काढतो, ढकलत नेतो, परत आणतो, आणि विसरतो?

मिलमध्ये नट ढिला होतो की नाही हे पाहायला नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ मारतात. नट फिरला की रेघ तुटते. नत्थूजींनी खडू आणला आणि स्कूटरच्या दोन्ही चाकांवरून फरशीपर्यंत तशी रेघ मारली. त्या संध्याकाळी रितिकाचा फोन आला तेव्हा ते बाहेर जाऊन वाकून पाहून आले. रेघ सरळ होती. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं.

मग ती म्हणाली, "बाबा, गाडी तुमीच हलवता का, हे पाहाले तुमी रेघा मारून राहिले?"

"हो ना."

"मी शनिवारी येतो. तुमी पुण्याले चला माझ्यासंग. घर भाड्यानं देऊन टाकू."

"मी काय पागल झालो काय?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मंग काय म्हटलं?"

तिनं फोन ठेवला. नत्थूजी त्या रात्री न जेवता झोपले. पुण्याला काही वाईट नव्हतं. पण हे घर दोघांनी वीट वीट करून बांधलं होतं आणि मिलमध्ये अजून त्यांच्या हाताला किंमत होती. शिवाय पोरीच्या घरी जायचं ते चार दिवस पाहुणा म्हणून. सांभाळायला दिलेलं सामान म्हणून नाही.

शनिवारी रितिका आली. येताना तिनं एक मोठी रिकामी बॅग आणली. नत्थूजींनी बॅगेकडे पाहिलं आणि चहा ठेवला. दिवे लागले तेव्हा त्यांनी अंगणात दोन खुर्च्या टाकल्या.

"बस. तूच पाह्य आता."

दोघं स्कूटरसमोर बसले. रितिकानं फोन मांडीवर धरला होता. साडेसात झाले. काही नाही. नत्थूजींना मनातून भीती वाटू लागली, की आज नेमका ठिपका जागेवरच राहायचा.

फोन वाजला. रितिकानं दचकून गाडीकडे पाहिलं. गाडी तिथंच. तिनं नकाशा पाहिला, पुन्हा गाडी पाहिली. मग उठून सीटवर हात ठेवला, जणू ती सुटून जाणार होती.

"कुठं आहे म्हणते?" नत्थूजींनी विचारलं.

"करिष्माच्या किचनमध्ये."

रितिकानं गेटमधून हाक मारली, "करिष्मा, आमची गाडी तुझ्या किचनमध्ये आली काय वं?"

"नाही वं," आतून उत्तर आलं, "वांग्याची भाजी आहे. आणू काय?"

आणि मग बाप-लेक दोघंही हसायला लागले. रितिकाचं हसू थांबेना, आणि थांबलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

भाजी आली. जेवताना रितिकानं डबीवाल्या कंपनीची सूचना शोधून काढली, मग आणखी कुठं कुठं वाचलं आणि त्यांना समजावून सांगितलं. सूर्य या दोन-तीन वर्षांत जोरात आहे. त्याच्या उन्हानं खूप वर, हवेच्याही वर, विजेचा एक थर तयार होतो. सूर्य मावळल्यावर आपल्या पट्ट्यात तो थर फाटतो, त्यात पोकळ्या पडतात. उपग्रहाचा सिग्नल त्यातून खाली येताना थरथरतो आणि डबी आपली जागा चुकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे जास्त, नंतर कमी.

"म्हणजे वरचे उपग्रह?"

"सगळे चालू. इथं लिहिलं आहे."

"अन् डबी?"

"तीपण ठीक."

"म्हणजे खराबी मधातच आहे."

"मधातच आहे." रितिकानं ताट बाजूला सरकवलं. "बाबा, आई गेली तं मले फोनवरच समजलं. आता संध्याकाळी फोन वाजला का मले वाटे, तुमीपण चालले कुठंतरी, अन् तुमालेच माहीत नाही."

"मी इथंच आहो, माय. गॅसचं झालं ते खरं आहे. आता बंद केला का हात लावून पाह्यतो."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हा अलर्ट बंद करू?"

नत्थूजींनी विचार केला. अलर्ट होता म्हणून ती रोज फोन करत होती. त्याआधी आठवड्यातून एकदा, तोही जेवले का, औषध घेतलं का, संपलं. हे तोंडावर बोलायची सवय त्यांना नव्हती. घरात असलं बोलायचं काम शामलाचं होतं.

"बंद कर," ते म्हणाले. "पण फोन करत जा. गाडी हलली नाही तरी कर."

"बोलू काय रोज रोज?"

"भाजी कोणती केली ते विचार. मी खोटं सांगीन, तू पकडजो."

ती हसली. "मंग दिवाळीले तुमी या. चार दिवस. रिटर्न तिकीट मी काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्कूटरची चाबी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः मागं बसली. मैदानावर गाडी दोनदा आडवी झाली. एकदा रितिका ओरडली, "बाबा, ब्रेक! ब्रेक दाबा, हॉर्न नका दाबू!" फिरायला आलेले लोक थांबून पाहत होते. नत्थूजींना लाज वाटली नाही. दुपारी ती बॅग तशीच रिकामी घेऊन गेली. नाही म्हणायला अंजनाबाईंनी दिलेल्या वड्या तेवढ्या त्यात होत्या.

आता ऑक्टोबर सरत आला आहे. रितिकाचा फोन बहुतेक संध्याकाळी येतो. कधी नाही आला तर नत्थूजी करतात. सकाळी बस येण्याआधी ते गल्लीत एक चक्कर मारतात. सरळ रस्त्यावर गाडी येते. उजवीकडे वळताना पाय अजून खाली टेकतो. लायसन्स काढायचं राहिलं आहे.