साठ लाखांची लाल गाडी

नीळकंठरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि मोबाइलवरचा आकडा परत वाचला. आपण एखादं शून्य जास्त धरलं की काय, म्हणून कागदावर गुणाकार करून पाहिला. उत्तर तेच आलं. एक कोटी तीस लाख रुपये.

स्वयंपाकघरात विजयाबाईंची वड्यांची तयारी चालली होती. पाच वाजता त्यांच्या मैत्रीण वैजयंतीबाई मुलाला, सौरभला, घेऊन चहाला येणार होत्या. सौरभ कोपनहेगनहून महिनाभरासाठी भोपाळला आला होता. नीळकंठराव-विजयाबाईंचा मुलगा तुषारही कोपनहेगनलाच होता, पण दोघांची भेट काही होत नसे. तेव्हा तुषारच्या नव्या कोऱ्या स्पोर्ट्स कारचा फोटो सौरभला दाखवायचाच, असं विजयाबाईंनी ठरवलं होतं. साकेत नगरातल्या निम्म्या मराठी घरांत तो दाखवून झालाच होता. सोबत साठ लाखांचा आकडाही, न विचारता.

नीळकंठराव भोपाळच्या बरखेड्यातल्या कारखान्यात छत्तीस वर्षं खरेदी विभागात कारकून होते. तीन ठिकाणची भावपत्रकं समोर आल्याशिवाय त्यांनी साधा बोल्टसुद्धा पुढे सरकू दिला नव्हता. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घरातला मिक्सरदेखील तीन दुकानांचे भाव काढून आला होता, आणि तोवर विजयाबाई महिनाभर पाट्यावर चटणी वाटत होत्या. आज दुपारी हातात काही काम नव्हतं, म्हणून त्यांनी तुषारच्या गाडीचाही तक्ता मांडला. डेन्मार्क आणि शेजारचे दोन देश, जर्मनी आणि स्वीडन. पोरगं फसलं तर नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

तक्ता पुरा झाला. गाडी तीच, रंग तोच. जर्मनीत साठ लाख, स्वीडनमध्येही त्याच्याच आसपास. आणि सीमा ओलांडून डेन्मार्कमध्ये गेलं की दुपटीहून जास्त. तिथे नव्या गाडीवर करच तेवढा बसतो म्हणे. रस्त्यावरची एक रेघ ओलांडली की गाडीची किंमत दुप्पट होते, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शेजारच्या मंडीदीपला पाच रुपयांत मिळणारा बोल्ट भोपाळला दहाला कोणी आणला असता, तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

पण खरा धक्का पुढेच होता. जर्मनीतून आणलेल्या गाडीलाही तो कर चुकत नव्हता. म्हणजे कोपनहेगनला राहणाऱ्या माणसाला ती गाडी साठ लाखांत मिळणं शक्यच नव्हतं. तुषारने सांगितलेला आकडा खोटा होता. आणि दोन तासांनी सौरभ हे ऐकताक्षणी ओळखणार होता, विजयाच्या तोंडावर, चार माणसांत.

ते मागच्या अंगणात गेले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडे ट्रकचा आवाज येत होता.

"तुषार, ती गाडी कोणाची आहे?"

"माझी नाही, बाबा." मग थांबत थांबत त्याने सगळं सांगितलं. त्याची नोकरी होती ती कंपनी फेब्रुवारीतच बंद झाली होती. तेव्हापासून तो कोपनहेगनच्या एका विक्रेत्यासाठी नव्या गाड्या जर्मनीतून चालवत आणून देत होता आणि आगगाडीने परत जात होता. फोटो जर्मनीतल्या आवारातला. किंमत काचेला लावलेल्या कागदावरची.

"आई रोज विचारायची, बाबा. एक दिवस काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं."

नीळकंठरावांना संताप आला आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. खोटी भावपत्रकं देणाऱ्या किती जणांना त्यांनी कचेरीची पायरी चढू दिली नव्हती, आणि हे भावपत्रक घरातूनच आलं होतं. आठ महिने पोरगं एकटं हे निभावत होतं आणि बापाला पत्ता नव्हता.

"जपून चालवतोस ना?" त्यांनी विचारलं.

"हो. ओरखडा आला तर माझ्याच पगारातून कापतात."

"मग ऐक. यापुढे कोणी किंमत विचारली, तर एक कोटी तीस लाख सांग. तू सांगितलीस ती जर्मनीची आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

पाचला सगळे आले. वडे झाले, चहा झाला, आणि विजयाबाईंनी मोबाइल सौरभच्या हातात दिला. "बघ आमच्या तुषारची गाडी. साठ लाख..."

"एक कोटी तीस लाख," नीळकंठराव म्हणाले. "साठ जर्मनीत. आकडा मीच हिला चुकीचा सांगितला होता."

विजयाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाचा आकडा कधी चुकलेला त्यांनी पाहिला नव्हता, आणि चुकला असं त्याने कबूल केलेलं तर मुळीच नाही.

"बरोबर आहे काका, तिकडे टॅक्सच इतका आहे," सौरभ म्हणाला. "मी तर अजून सायकलवरच आहे. तुषार तो छा गया." त्याने फोटो बोटांनी मोठा केला. "सीटचं प्लास्टिक पण नाही काढलं अजून?"

नीळकंठरावांनी कप खाली ठेवला. प्लास्टिक त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"ते मीच सांगितलंय त्याला," नवऱ्याचा चेहरा बघून विजयाबाई म्हणाल्या. "म्हटलं, इतक्यात काढू नकोस. नवी आहे तोवर नवी राहू दे."

नीळकंठरावांनी वड्यांची ताटली सौरभपुढे सरकवली. "चांगलं केलंस," ते बायकोला म्हणाले. "राहू दे प्लास्टिक. मळेल नाहीतर."