साठावा टप्पा

काटेवाल्याला घरी पोचायची घाई कधीच नसायची, आणि त्याच्या बायकोला सोडून सगळ्यांना याची मोठी गंमत वाटायची. काटेवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कारखान्यांतले वजनकाटे तपासून दाखला द्यायचा हे त्याचं काम, म्हणून ऑफिसात, कारखान्यांच्या फाटकांवर, अगदी शेजारीपाजारीसुद्धा तो काटेवालाच होता. प्रमाणित वजनांची लाकडी पेटी घेऊन महिन्यातले पंधरा दिवस तो परगावी असे. त्या वजनांना उघडा हात लावायचा नाही, हाताच्या घामानंही वजन वाढतं, म्हणून खिशात कायम पांढरे हातमोजे. दोन ग्रॅमचा फरक निघाला की दाखला नाही, मग कारखान्याचा मालक कितीही गोड बोलो. "दोन ग्रॅमनं काय आभाळ कोसळणार आहे का?" असं कुणी म्हणालं, की तो शांतपणे म्हणे, "आभाळाचं मला माहीत नाही. काटा चुकलाय."

इतका नाकासमोर चालणारा माणूस. पण विमानाचं तिकीट काढायची वेळ आली, की हाच गृहस्थ असा काही द्राविडी प्राणायाम करायचा, की बघणाऱ्याला घेरी यावी.

त्याचं कारण असं. विमान कंपनीचा नियम होता, की वर्षात साठ टप्पे उडलात तर सोनेरी कार्ड. टप्पा म्हणजे एक उड्डाण, मग ते अर्ध्या तासाचं असो की पाच तासांचं. थेट गेलात तर एक टप्पा. मध्ये दोनदा उतरून विमान बदललंत तर तीन. झालं! दोन तासांत जिथे पोचता येतं, तिथे काटेवाला नऊ तासांनी पोचू लागला. ऑफिसनं थेट विमानाचं तिकीट काढून दिलं, की हा मोबाइलवर ते बदलून टाकायचा आणि मध्ये दोन-तीन गावं घुसडायचा. ज्या विमानतळांवर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, तिथले चहावाले त्याला ओळखू लागले.

"अहो, लोक घरी यायला विमानात बसतात," बायको म्हणायची. "तुम्ही विमानात बसायला घराबाहेर पडता."

तो हसून घालवायचा. खरं कारण त्यानं तिला कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायलाही लाज वाटावी असं होतं. एकदा गेटवर लांबलचक रांगेत उभा असताना त्यानं बघितलं होतं, की सोनेरी कार्डवाला एक टकलू माणूस आला, आणि काउंटरवरची मुलगी चक्क उभी राहून म्हणाली, "या साहेब, तुमचीच वाट बघत होतो." अख्खी रांग बाजूला झाली. काटेवाल्याच्या ऑफिसात अकरा वर्षांनंतरही मोठे साहेब त्याला विचारायचे, "तुम्ही कोणत्या विभागात?" आपण आल्याचा कुणाला तरी आनंद व्हावा, एवढंच त्याला हवं होतं. आता घरी अंथरुणाला खिळलेला बाप दिवसभर दाराकडे डोळे लावून पडलेला असायचा, त्याला हा आल्याचा आनंद होत नव्हता का? होत होता. पण घरचा आनंद माणसाच्या मोजणीत येत नाही, हेच तर दुखणं आहे.

मोजणीतली पहिली चूक मार्चमध्ये झाली. त्यानं एक थेट तिकीट बदलून तीन टप्पे केले होते. दोन दिवसांनी मोबाइलवर बघतो, तर जमा चार. नीट बघितलं. जे थेट विमान त्यानं सोडून दिलं होतं, तेही यादीत होतं. आसन चौदा सी, उड्डाण पूर्ण.

कंपनीला कळवायला हवं, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. दोन ग्रॅमसाठी कारखाना बंद पाडणारा माणूस तो. पण या वेळी तो मूग गिळून बसला. एप्रिलमध्ये पुन्हा तेच झालं, जूनमध्ये दोनदा. दर वेळी चौदा सी, दर वेळी उड्डाण पूर्ण. चूक आपल्या फायद्याची असली, की तिच्याकडे कानाडोळा करायला फार कष्ट पडत नाहीत.

ऑगस्टमध्ये एका छोट्या विमानात पाणी देताना हवाई सुंदरी थबकली. "साहेब, परत तुम्ही? सकाळी थेट विमानात होतात ना? चौदा सी."

"दुसरं कुणी असेल."

"अहो, मीच होते की. घरी किती वाजता पोचू, असं तीनदा विचारलंत मला." ती हसली. "घरी कुणीतरी वाट बघतंय वाटतं."

काटेवालाही हसला, पण हातातलं पाणी त्याला प्यायचं सुचलं नाही. संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको दवाखान्यातल्या नोकरीवरून नुकतीच परतली होती. तो बाबांच्या खोलीत डोकावला.

"आलास परत?" बाबा म्हणाले. चेहरा कधी नव्हे तो टवटवीत दिसत होता. "दुपारी इतका वेळ बसलास, मला वाटलं आता आठवडाभर यायचा नाहीस."

"बाबा, मी आत्ता येतोय."

"बरं बरं," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

"वय झालंय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तो हो म्हणाला. ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातले होते. ते कुणी विसळले, हे त्यानं विचारलं नाही.

डिसेंबरच्या शेवटाला त्याचे सत्तावन्न टप्पे झाले. वर्ष संपायला दोन दिवस उरले होते आणि परतीचा एकच प्रवास बाकी होता. परगावच्या औषध कारखान्यातलं काम आटोपून तो सकाळी विमानतळावर पोचला, तोच बायकोचा फोन आला.

"बाबांचं काही खरं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बसला होता. "डॉक्टर येऊन गेले. आजचा दिवस काढतील म्हणाले, उद्याचं सांगता येत नाही. सारखं तुमचं नाव घेताहेत. थेट या. ऐकताय ना? या वेळी थेट या."

"निघालोच," तो म्हणाला, आणि तेव्हा ते खरं होतं.

एक वाजताचं थेट विमान तीनला घरी पोचवणार होतं. म्हणजे अठ्ठावन्न. वर्षभराची पायपीट दोन टप्प्यांसाठी पाण्यात. दोन विमानं बदलून गेलं तर बरोब्बर साठ, आणि रात्री नऊला घरी. तो पेटी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. डॉक्टर म्हणाले आजचा दिवस. नऊ वाजतासुद्धा आजच की! शिवाय डॉक्टर लोक नेहमी जरा वाढवूनच सांगतात. शिवाय ताई आलेली असेल, बायको आहे, बाबा काही एकटे नाहीत. असल्या "शिवाय"ना अंत नसतो. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, "थेट विमानात जागा आहे साहेब, नक्की बदलायचं?" तो म्हणाला, "नक्की." मग बायकोला कळवलं, की थेट विमान भरलंय, रात्री पोचतो.

पहिल्या बदलीच्या गावी तो उतरला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सवयीनं त्यानं मोबाइल बघितला. अठ्ठावन्न हवे होते. एकोणसाठ होते. चौदा सी, उड्डाण पूर्ण.

या वेळी त्या चुकीनं त्याला आनंद झाला नाही. त्याखालीच बायकोचा निरोप होता. "दार उघडंच आहे, वर या."

त्यानं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला आणि कुजबुजत म्हणाली, "आतून फोन काय करताय? बाबांजवळ बसा ना."

"आतून म्हणजे? मी विमानतळावर आहे."

"अहो, ही काय चेष्टेची वेळ आहे?"

"चेष्टा नाही. कोण आहे आत?"

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का? मघाशी आलात, पेटी ठेवलीत, बाबांचा हात धरलात. म्हणालात, आत कुणी येऊ नका, आम्हाला जरा बोलू द्या. ऐका, बाबा बोलताहेत. मला इथे दाराबाहेर ऐकू येतंय. किती दिवसांनी बोलताहेत हो!"

आणि त्यालाही ऐकू आलं. बंद दारामागून येणारा बाबांचा आवाज, शब्द न कळणारा, पण त्यांचाच. मग दुसरा एक आवाज त्यांना हळूच काहीतरी म्हणाला. काटेवाल्यानं आयुष्यात स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता, तरी तो ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"दार उघड!" तो ओरडला. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "आत जा आणि बघ त्याच्याकडे!"

"अहो, हळू," ती म्हणाली. "बाबा दचकतील." आणि तिनं फोन ठेवला.

तो धावत काउंटरवर गेला. घरी जाणारं थेट विमान इथून नव्हतंच, म्हणून तर त्यानं हे गाव निवडलं होतं. आता आपणच आखलेल्या वाटेनं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसरा टप्पा एका तासाचा होता. सबंध तासभर तो समोरच्या सीटची पाठ धरून बसला आणि मनातल्या मनात बाबांना म्हणत राहिला, थांबा, तो मी नाही, मी येतोय.

दुसऱ्या गावी उतरताच दारातच गणवेशातली एक मुलगी हसत उभी होती. तिनं त्याचं पूर्ण नाव घेतलं. "अभिनंदन साहेब! साठ टप्पे पूर्ण. आम्ही तुमचीच वाट बघत होतो." तिनं त्याच्या हातातली पेटी घेतली, त्याला काचेच्या दारापलीकडे नेलं, गुबगुबीत खुर्चीत बसवलं. पुढचं विमान धुक्यामुळे सकाळी सुटेल, असंही त्याच गोड आवाजात सांगितलं. तिथे तो एकटाच होता. कुणीतरी समोर गरम चहा आणून ठेवला, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. बायकोचा निरोप होता.

"आवाज थांबलाय. दार उघडा ना."

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानं पुन्हा पुन्हा फोन लावला. कुणी उचलला नाही. चहा निवून गेला, तो बदलून दुसरा आला, मग तिसरा. इतकी सरबराई त्याची जन्मात कुणी केली नव्हती, आणि तो तोंडावर रुमाल धरून लहान मुलासारखा रडत होता.

सकाळी साडेसातला तो घरी पोचला. दार ताईनं उघडलं. डोळे सुजलेले होते, पण त्याला बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

"फिरून आलास? बरं केलंस. रात्रभर एका जागी बसला होतास." तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू वेळेवर पोचलास रे. ते समाधानानं गेले."

"ताई, मी आत्ता येतोय. विमानतळावरून."

ताईनं त्याच्या बायकोकडे बघितलं. बायको उठून जवळ आली आणि त्याला खुर्चीत बसवत म्हणाली, "पहाटे दार लोटून गेलात, तेव्हाच मला वाटलं, यांना आता सोसवत नाहीये."

"ऐका माझं. थेट विमानात जागा होती. मी मुद्दाम लांबून आलो. मी इथे नव्हतो."

"होती ना जागा," बायको म्हणाली. "त्याच विमानानं तर आलात. नाही म्हणालात आणि तीनला दारात उभे. मी तुमच्यावर चिडले होते, त्याची कालच माफी मागितली ना मी?"

तो बाबांच्या खोलीत गेला. बाबा कुशीवर होते. तोंड पलंगाशेजारच्या खुर्चीकडे, आणि एक हात अर्धवट पुढे आलेला, कुणाच्या तरी हातात असल्यासारखा. त्यानं तो हात धरला. तो गार होता आणि त्याच्या हातात नीट बसेना. तो खुर्चीत बसला, तर ती अजून ऊबदार होती.

ताई मागोमाग आली आणि पलंगाच्या पायाशी बसली. "दोन-अडीच तास बोलत होते रे," ती म्हणाली. "दोन वर्षांत माझ्याशी धड चार शब्द बोलले नाहीत. काल आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या, शब्द कळत नव्हते, पण मध्येच हसलेसुद्धा. मी विचारलं तर तू म्हणालास, आत्ता नको, सकाळी सांगतो." तिनं डोळे पुसले. "माझं नाव काढलं का त्यांनी? निदान तेवढं तरी सांग."

"मला माहीत नाही, ताई."

"असं नको ना करूस."

बायकोही येऊन दाराशी उभी राहिली. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. बाबांचं शेवटचं बोलणं जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस पहाटे दार लोटून निघून गेला होता.

"सांग ना," ताई म्हणाली. "काय म्हणाले?"