निजवळ

आमच्या ऑनलाइन शब्दकोशात रोज शंभरेक नवे शब्द येतात. ते निवडणं हे माझं काम. लोक काहीही पाठवतात आणि खोडलं की भांडायला येतात. म्हणे, "आमच्या घरी सगळे म्हणतात!" तुमच्या घरी सगळे घोरतही असतील, त्याला मी काय करू? नियम साधा आहे: एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या तीन माणसांनी तो शब्द लिहून वापरलेला दाखवा. नाहीतर मी 'घरगुती' असा शेरा मारून रेघ ओढते आणि सात दिवसांत कुणी दाद मागितली नाही, तर शब्द नाहीसा होतो.

त्या सोमवारी संध्याकाळी दुकानात गेले, तर बाबा गादी शिवत होते. सुई अशी खुपसत होते, जणू तिनंच काही केलंय. आमचं गाद्यांचं दुकान आहे. आई कापूस भरायची, बाबा शिवायचे. तिला जाऊन चार वर्षं झाली. पिंजलेल्या कापसाचे तंतू अजून तसेच हवेत तरंगतात, खाली यायची कसली म्हणून घाई नाही त्यांना. तिथे पाऊल टाकलं की मला अर्धी झोप लागते.

"काय झालं, बाबा?"

"तुझ्या त्या कोशात आईचा शब्द पाठवला होता. कुणा दीडशहाण्यानं खोडला."

"कुठला शब्द?"

"निजवळ."

तो दीडशहाणा मीच होते. शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, भुकेच्या तंद्रीत, एका झटक्यात खोडला होता. लहानपणी रोज सकाळी मी आईच्या निजवळीत शिरायचे. ती उठून गेली की गादीत तिच्या अंगाची उबदार, खोलगट जागा राहायची, ती निजवळ. तिचे गुडघे जिथे असतील तिथे माझे गुडघे, तिचा गाल तिथे माझा गाल. बाहेर भांडी वाजायची आणि मी परत झोपेत बुडायचे. तोच शब्द समोर आला आणि मी ओळखलासुद्धा नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"बाबा, मीच खोडला तो."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू होतीस होय," एवढंच म्हणाले आणि दातानं दोरा तोडला. सुईत नवा दोरा ओवता ओवता म्हणाले, "माझ्यानंतर तो राहायचा कुठे, म्हणून पाठवला. तुला आठवत असेल, असं धरून चाललो होतो."

दाद मागायला चार दिवस उरले होते. आमच्या मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे पुरावेसाहेब म्हणतो. मी त्यांच्याकडे दाद मागितली, तर त्यांनी बोटांवर मोजलं. "आई, वडील, मुलगी. तिघंही एकाच घरातले. कसं चालेल? तुम्हीच सांगा."

हेच वाक्य मी शेकडो लोकांना सुनावलंय.

बुधवारी दुपारी मी दुकानात कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. कधी डोळा लागला कळलं नाही. आई कुणाच्या तरी हातात पेन देत होती. "इथे लिहा, तुमच्या हातानं," ती म्हणत होती. "गादी तुम्ही झोपून पाहिलीय, मी नाही."

मी दचकून उठले. खरंच, आईचा तो हट्टच होता! दुरुस्तीला आलेल्या गादीत कुठे भर घालायची, हे ती गिऱ्हाइकाकडून वहीत लिहून घ्यायची. बोलायची ती तिच्या शब्दांत, तेच शब्द मग ते लिहायचे. वह्या फळीवर होत्या. बाबा आणि मी जमिनीवर बसून पानं उलटत राहिलो.

'डावीकडची निजवळ फार खोल गेली आहे.' वसतिगृहाच्या बाईंचं अक्षर.

'निजवळ बरोब्बर मध्ये. एकटाच असतो.' हा बसचालक.

तिसरी नोंद घड्याळवाल्या आजोबांची होती. 'निजवळी दोन आहेत. माझी भरा. तिची राहू द्या.'

बाबांनी ते पान बराच वेळ मिटलं नाही.

शुक्रवारी शब्द कोशात आला. पुरावेसाहेबांनी अर्थ दिला: 'झोपून झोपून गादीत पडलेला खड्डा.'

"खड्डा?" बाबा खवळले. "आणि ऊब? ती कुठे गेली?"

"उबेचा पुरावा नाही, बाबा. वहीत सगळ्यांनी खड्ड्याचंच लिहिलंय."

मी संगणक उघडून खाली दुसरा अर्थ लिहिला: 'उठून गेलेल्या माणसाची अंथरुणात राहिलेली ऊब.' साक्षीदार: एक. शब्द पाठवणाऱ्याशी नातं काय, अशी एक चौकट असते. तिथे 'काही नाही' लिहिलं असतं तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी लिहिलं, मुलगी. मग नियमाप्रमाणे माझ्याच हातानं त्यावर रेघ ओढली. अख्खा शब्द खोडला तर नाहीसा होतो. कोशात आलेल्या शब्दाचा खोडलेला अर्थ मात्र साक्षीदारासकट रेघेखाली कायम दिसत राहतो.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून रेघेखालचं अक्षर न् अक्षर वाचलं. शेवटच्या शब्दावर बोट टेकवून थांबले.

"म्हणजे आठवतंय तुला," ते म्हणाले.