वीतभर कमी पडलेला जॅक

हर्षद परबांच्या गॅरेजमध्ये गाडी उचलणारी लिफ्ट बसली, पूजा झाली, नारळ फुटला, आणि त्यानंतर गाडीचं एकही चाक निघालं नाही.

लिफ्टमध्ये बिघाड नव्हता. बटण दाबलं की चार खांबांमधल्या दोन लांब लोखंडी पट्ट्या गाडीला घेऊन परबांच्या छातीपर्यंत वर येत. पण गाडी त्या पट्ट्यांवर आपल्या चाकांवरच उभी असायची. चाक काढायचं तर आधी ते पट्टीवरून सुटं व्हायला हवं. त्यासाठी लिफ्टवर आणखी एक जॅक हवा, दोन पट्ट्यांच्या मधे आडवा बसणारा, तिथून गाडीला पुन्हा चार बोटं उचलणारा. लिफ्ट विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. परबांनी विचारलं नव्हतं, याचा त्यांना जास्त राग होता.

मुलुंड पूर्वेला, वडिलांनी बांधलेल्या बैठ्या घराला लागून पत्र्याचं हे गॅरेज. परब कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यातून निवृत्त झाले होते. जुन्या लाल गाडीचं सगळं काम ते स्वतः करत. पावसाळ्याआधी चारही चाकं काढून ब्रेक साफ करायचे, झिजलेले पॅड बदलायचे, हे त्यांचं दर मे महिन्याचं काम. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली. तरी दिवाळीच्या सुमारास ते एकदा गाडीखाली गेलेच. गेले, पण बाहेर येता येईना. बायको प्रेमा बाजारातून परत येईपर्यंत फरशीवर पडून होते. तिला आधी त्यांची चप्पल दिसली, मग पाय.

त्यानंतर घरात ठराव झाला. सांताक्रूझला राहणारी मुलगी प्रांजल त्यासाठी खास आली होती. तिने लिफ्ट घेऊन द्यायची, परबांनी जमिनीवर कधीही आडवं व्हायचं नाही. आणि लिफ्टवर या पावसाळ्याआधी ब्रेकचं काम झालं नाही, तर गाडी बोरिवलीच्या पुतण्याला, नितेशला, देऊन टाकायची. परबांनी ठराव मान्य केला, कारण काम होणार नाही ही शक्यता त्यांनी धरलीच नव्हती.

जॅकसाठी ते आधी कुर्ल्याला गेले. तिथे दुकानदार सुबोधने त्यांचं म्हणणं पुरतं ऐकून न घेता चाकांचा जाडजूड ट्रॉली जॅक पुढे केला. परबांनी समजावलं की हा जमिनीवर चालतो, आणि माझी जमीन गाडीच्या छातीभर खाली आहे. सुबोध म्हणाला, पट्ट्यांवर फळी टाका आणि त्यावर हा ठेवा, सगळे असंच करतात. परब उठून आले.

घरी येऊन त्यांनी नीट विचार केला. जॅकने गाडीचं एक टोक उचललं की निम्मं वजन पेलायला हवं, ते सोपं होतं. मिटल्यावर तो इतका बसका हवा की गाडीच्या सायलेन्सरखाली सरकेल. हवेवर चालणारा नको, कारण त्याला कॉम्प्रेसर लागतो आणि शेजारी आवाजावरून आधीच कुरकुरत होते. हातपंपाचा बरा. उरलं पट्ट्यांमधलं अंतर. दोन्ही पट्ट्यांना आतल्या बाजूने बोटभर कड होती, जॅकचे दोन्ही हात त्या कडांवर टेकायला हवेत. शनिवारी संध्याकाळी परबांनी पोलादी टेप काढला, चष्मा पुसला, पुढून मोजलं, मागून मोजलं. आकडा एकच आला. कुर्ल्याला फोन करून तो सांगितला.

सुबोधकडे दोन प्रकार होते. एकाचे हात आतबाहेर सरकायचे, दुसरा मापाप्रमाणे पक्का करून मिळायचा. सरकणारा दुकानात पडून होता, म्हणून तो त्याचे गुण गात होता. साहेब, तुमचं माप मागेपुढे झालं तरी वांधा नाही.

"माझं माप मागेपुढे होत नाही," परब म्हणाले. "आणि सरकणारा हात म्हणजे खेळणारा हात. पक्का बनव."

ते हे बोलत असताना प्रेमा दारात येऊन काहीतरी सांगून गेली. परबांनी तिच्याकडे न बघता हं म्हटलं.

पक्का जॅक तयार व्हायला वेळ लागला. परबांनी रोज फोन केला आणि सुबोधने रोज उद्याचं सांगितलं. मग टेम्पोवाला मुलुंड पश्चिमेला पोचून पत्ता सापडत नाही म्हणून परत गेला. जॅक हातात आला तोवर मे संपत आला होता आणि पुढच्या रविवारी नितेशला बोलावून झालं होतं. परबांनी प्रांजलला कळवलं की त्याला चहाला येऊ दे, गाडीला नको.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली. चाकं पट्ट्यांच्या बरोबर मधोमध आली. बटण दाबून गाडी छातीपर्यंत आणली, खांबांचे खटके बसल्याचा आवाज चारही बाजूंनी ऐकला. मग शेजारच्या धोंडिरामांच्या मदतीने जॅक उचलून त्याचा डावा हात डाव्या कडेवर टेकवला. उजवा हात टेकायला गेले, तर तिथे काही नव्हतं. हात हवेत, आणि उजवी कड त्याच्यापासून चांगली वीतभर लांब.

धोंडिराम निवृत्त पोस्टमन, स्वभावाने शांत. त्यांनी विचारलं, "परब, उलटा तर नाही धरला?"

उलटा धरूनही तेवढाच होता. परबांनी टेप आणला. जॅक त्यांनी सांगितलेल्या मापाचा होता, सुताइतकाही फरक नव्हता. मग पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. ते त्यांनी सांगितलेल्या मापाचं नव्हतं. त्यांनी टेप झटकला, पुन्हा मोजलं. लोखंड वीतभर वाढू शकत नाही, हे ते स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाले.

त्याच वेळी प्रांजल आणि नितेश फाटकातून आत आले. नितेश गाडीभोवती एक चक्कर मारून झकास म्हणाला, आणि ते परबांना मुळीच आवडलं नाही.

प्रांजलने एका नजरेत सगळं ओळखलं. "बाबा, चाकं तर जागेवरच आहेत."

परबांनी सांगितलं की कुणीतरी लिफ्टला हात लावलाय. उजवी पट्टी सरकती होती. गाडीच्या रुंदीप्रमाणे ती आतबाहेर घेता यायची, आणि तिचे बोल्ट त्यांनी पहिलं चाक निघेपर्यंत सैलच ठेवले होते. पण ती आपोआप सरकत नाही. वजन आहे, दोन माणसं लागतात.

प्रेमा चहा घेऊन आली होती. तिने ट्रे बाकावर ठेवला.

"मी आणि जयाने सरकवली होती," ती म्हणाली. "सोलं घालायची होती."

तिच्या भावाने गावाहून रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, पाठवली होती. दरवर्षी ती त्यांच्या सालींची ही सोलं अंगणात सुकवायची आणि दरवर्षी कावळे नाहीतर मांजर त्यांची वाट लावायचे. यंदा गॅरेजच्या छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून लिफ्टवर भर दुपारचं ऊन पडतं, हे तिच्या लक्षात आलं. खिडकीच्या जुन्या जाळ्यांच्या चौकटी दोन पट्ट्यांवर आडव्या टाकल्या की झालं. दार लावलं की मांजर पोचत नाही, कावळा आत येत नाही. चौकटी थोड्या तोकड्या पडत होत्या, म्हणून कामाला येणाऱ्या जयाला धरून तिने उजवी पट्टी आत लोटली. संध्याकाळी चौकटी उचलून आत घ्यायची, सकाळी रस लावून पुन्हा टाकायची; जॅक येईपर्यंत परब दिवसा तिकडे फिरकतही नव्हते. सोलं काळीभोर झाली तेव्हा दोघींनी पट्टी होती तिथे नेऊन ठेवली. जमिनीवर परबांनीच खडूने खूण केलेली होती, त्या खुणेवर.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं. तुम्ही फोनवर होता. हं म्हणालात."

"अगं, मी फोनवर मापच देत होतो."

"मग मला काय ठाऊक. वापरलेली वस्तू मी जागच्या जागी ठेवली. न ठेवून चाललं असतं का तुम्हाला?"

धोंडिराम हसू आवरायला गाडीच्या पलीकडे गेले.

नितेशने तोडगा काढला. गाडी खाली उतरवू, पट्टी काकूने घेतली होती तेवढी आत घेऊ, गाडी पुन्हा चढवू, म्हणजे जॅक बसेल. प्रांजललाही हे पटलं. तिला दुपारी परत जायचं होतं. परबांनी आधी करून बघायचं ठरवलं. गाडी खाली आली, मागे गेली. नितेश आणि धोंडिरामांनी पट्टी आत लोटली. जॅक दोन्ही कडांवर असा बसला, जणू त्याच्याचसाठी त्या केल्या होत्या. परबांनी त्यावर हात ठेवून दाबून पाहिलं. तो जराही हलला नाही.

मग जॅक बाजूला घेऊन त्यांनी गाडी सावकाश पुढे घेतली, पुढची चाकं पट्ट्यांवर आली आणि ते थांबले. खाली उतरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. पट्ट्या जवळ आल्या होत्या, चाकं तेवढीच लांब होती. दोन्ही टायर पट्टीच्या बाहेरच्या काठाशी भिडले होते. डावा टायर तर काठाबाहेर किंचित फुगलेला दिसत होता.

"चालतंय काका," नितेश म्हणाला. "तासाभराचं काम. मी धरून उभा राहतो ना."

"गाडी धरून उभा राहणार?"

"म्हणजे लक्ष ठेवतो."

परब उभे राहिले. जॅक बसत होता. गाडी वर जाईल, बहुतेक पडणार नाही. पॅड नवे आणलेले होते, पाने पुसून लावून ठेवलेले होते, चार चाकं निघाली की ठराव पाळला गेला आणि गाडी घरात राहिली. अडवणारं कुणी नव्हतं. तो काठ त्यांच्याखेरीज कुणाला खुपतही नव्हता.

त्यांनी गाडीत बसून रिव्हर्स टाकला आणि ती जमिनीवर घेतली.

"नाही वर जाणार," ते म्हणाले. "असं मी कारखान्यात कुणाला करू दिलं नाही."

प्रांजल बाकावर बसली. आवाज न चढवता तिने ठरावाची आठवण दिली. पावसाळा आला, काम झालेलं नाही, नितेश आलाय. परबांनी ते नाकारलं नाही. फक्त म्हणाले की हे ब्रेक घेऊन गाडी बोरिवलीपर्यंत जाणार नाही. द्यायची असली तरी ब्रेक झाल्यावर. आणि ब्रेक जॅक आल्यावर.

"आणि जॅक?"

"आणतो."

"बाबा, तुम्ही मार्चपासून आणताय."

"काकांचं बरोबर आहे यार," नितेश म्हणाला. "मला तरी ब्रेक नसलेली गाडी कशाला?"

प्रेमाने प्रांजलच्या हातात थंड झालेला चहा दिला. पट्टी मी सरकवली तर मुदतही मीच वाढवते, ती म्हणाली. गाडी अशीच उभी राहील, घराबाहेर जाणार नाही, आणि तुझे बाबा जमिनीवर दिसले तर मीच नितेशला फोन करीन. प्रांजलने कपाळाला हात लावला, पण वाद घातला नाही.

परबांनी बोल्ट अजून सैलच ठेवले. नितेश आणि धोंडिरामांना पट्टी पार आतपर्यंत लोटायला लावली आणि मोजलं. मग पार बाहेरपर्यंत, आणि मोजलं. या वेळी टेपचं दुसरं टोक प्रेमाने धरलं होतं. टोक वाकडं धरल्याबद्दल तिला दोनदा बोलणी बसली. तिनेही, असं आहे तर स्वतः वाका, म्हणून सुनावलं.

मग त्यांनी कुर्ल्याला फोन लावला. सुबोधने लगेच ओळखलं. सरकणारा परवाच एकाने नेला, तो म्हणाला, दुसरा मागवायला लागेल. पक्क्याला काय झालं साहेब, माप चुकलं?

परबांनी टेप खिशात टाकला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"सरकणाराच पाठव," ते म्हणाले. "दोन मापं सांगतो. कमीत कमी आणि जास्तीत जास्त. लिहून घे."

सुबोधने लिहून घेतलं. परबांनी ते त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं, पहिल्यांदा त्याने दोन्ही आकडे उलटे वाचले, मग बरोबर वाचले.

"कधी येईल?"

"येईल ना साहेब."

"कधी?"

तिकडे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला. परब तो कानाला धरून तसेच उभे राहिले.