न उडालेला भडका

तिचं गणित चुकत नाही, असा खगोलशास्त्राच्या संस्थेत बोलबाला होता. एक मेलेला, इवलासा तारा गरगरत क्ष-किरणांचे ठोके देत एका अवाढव्य ताऱ्याभोवती लांबट कक्षेत फिरत होता. मोठ्याच्या जवळ आला, की त्याच्याभोवतीचा वायू ओरबाडून घ्यायचा आणि क्ष-किरणांचा भडका उडायचा. दर फेरीला, ठरल्यासारखा. म्हणून तिने भांडून उपग्रहावरची दुर्बीण पुढच्या भडक्याच्या दिवसापुरती मिळवली. आणि भडका उडालाच नाही. पडद्यावरची रेघ सपाट राहिली आणि हिचं तोंड एवढंसं झालं.

शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने मोठ्या ताऱ्याचा वर्णपट दाखवला. भोवतीचं वायूचं कडं केव्हाच विरून गेलं होतं. नुसतं जवळ येऊन काय होतं, पेटायला मधे काहीतरी हवं ना, असं तो म्हणाला. हिने फक्त कक्षा मोजली होती. मधल्या वायूची विचारपूस करायचं सुचलंच नव्हतं. शहाणी माणसं अशीच फसतात.

तो घाव ताजा असतानाच ती वडिलांकडे गेली. वडील निवृत्त कवायत-मास्तर, आवाज खणखणीत. बापलेकीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तिने घरात पाय ठेवला, की पहिल्या चहालाच ठिणगी पडायची. मग आई मधे पडायची, दोघांनाही फैलावर घ्यायची, आणि जेवायला सगळे एकत्र बसायचे. आई जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

आज तर बातमीच तशी होती: समुद्रापलीकडच्या वेधशाळेत नोकरी, कायमची. बाबा सुखासुखी जाऊ देणार नाहीत आणि त्यांना दुखवून जायची तिची छाती नव्हती. उत्तरं तिने वाटेत घोकून ठेवली होती.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. कप हलकेच खाली ठेवला. जा म्हणाले. थंडीचे कपडे घे म्हणाले.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तब्येत बरी आहे ना, असं तिने विचारलं. ठणठणीत होती. मग ओरडत का नाही, असं तिने जवळजवळ दटावूनच विचारलं.

मास्तर कपाच्या कानाशी चाळा करत राहिले.

“तेव्हा तुझी आई होती,” ते म्हणाले. “मी कितीही तोडून बोललो, तरी ती तुला दारातून परत आणायची. आता तू उठून गेलीस, तर आणायला कोण आहे?”

तिने खुर्ची पुढे ओढली.

“मी उठत नाही, बाबा. बोला तुम्ही.”

मास्तर आवाज चढवायला गेले आणि तो मधेच फुटला.

“जाऊ नको ना,” ते म्हणाले.