मुरड सोडून

एनॉकला मी हजारदा सांगितलं असेल, पॅस्टीची मुरड खायची नाही. पॅस्टी म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजीच, खाणीत नेायचा डबा. मुरडीला धरून बाकीचं खायचं आणि मुरड खाणीतच टाकून द्यायची. कॉर्नवॉलमध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण माझा नवरा पडला पार उत्तरेकडच्या लँकेशायरचा. तिकडे पाई वाडग्यात करतात, रस्सा घालून, आणि वाडगा चाटूनपुसून लख्ख करतात.

"एवढं पीठ टाकून द्यायचं? माज आलाय तुम्हा लोकांना," असं म्हणून तो मुरडीसकट सगळं फस्त करायचा.

सासूबाईंचं तर विचारूच नका. "ही कसली पाई गं? ना वाडगा, ना रस्सा. जुन्या बुटासारखी दिसते!"

"आई, शेजारच्या डेव्हनच्या बायका मुरड वरच्या बाजूला घालतात. ती बघून तर तुऱ्याचा कोंबडा म्हणाल तुम्ही," मी म्हणायचे. त्या तोंड फिरवायच्या. होत्याच तशा खट. पण एकुलत्या एका मुलामागे एवढ्या लांब आल्या होत्या.

मला धास्ती होती ती एनॉकच्या हातांची. आमच्या खाणीच्या दगडात कथलाबरोबर विषारी सोमलही असतो. तो हाताला लागतो, हातावरून मुरडीला. माझे वडीलही खाणीतच होते, भुकेपोटी मुरड खायचे. त्यांचे तळहात खरखरीत झाले, मग तपकिरी ठिपके आले, मग पाय बधिर झाले. चाळिशीसुद्धा गाठली नाही त्यांनी. पण घरातलं कुणी खाणीत कामाला असेपर्यंत त्या विषाचं नाव घरात काढायचं नाही, अशी आमची रीत. नाव काढलं की ते घरात येतं म्हणे. म्हणून बायका सांगतात, मुरड खाणीतल्या भुतांची, नाही दिली तर ती दगड पाडतात. मीही तेच सांगितलं. एनॉक पोट धरधरून हसला.

मार्चमध्ये त्याच्या तळहातावर पहिला ठिपका दिसला. मी त्याच्यापुढे ढसाढसा रडले.

"बरं बाई, भुतांसाठी नाही, तुझ्यासाठी सोडतो," तो म्हणाला. "तुझी शपथ, मुरड तोंडात घालणार नाही."

शब्द पाळला त्याने. उन्हाळ्यात त्याची भूक परत आली, तोंडावर तजेला आला. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. सासूबाईही निवळल्या होत्या. "पीठ छान जमतं हो तुला, थॉमसिन," असं एकदा त्या चक्क म्हणाल्या. सात वर्षांत पहिल्यांदा!

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी त्यांच्या हातून चहाचा कप निसटला.

"मेल्या बोटांना काही कळतच नाही गं हल्ली."

मी त्यांचा हात हातात घेतला. तळहात किसणीसारखा लागला. त्यावर ठिपके होते.

"आई, काय खाता तुम्ही?"

"ओरडू नकोस. एनॉक रोज मुरड आणतो खिशातून. म्हणतो, भुतांना घालण्यापेक्षा आईला घालीन. चहात बुडवलं की मऊ होतं, चावावं लागत नाही. तुला सांगायचं नाही, असं ठरलंय आमचं."

तेव्हा मी त्या घरात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. सोमल. वडिलांचं सगळं सांगितलं. भुतांचं मी खोटं सांगितलं होतं, तेही कबूल केलं. त्यांनी तळहात झग्याला पुसले.

"एनॉकला बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "आपणच आईला हे भरवलं, हे त्याला कळता कामा नये."

बाहेर त्याच्या बुटांचा आवाज आला. सासूबाईंनी दुसरा कप ओढून घेतला आणि त्यात चहा ओतला. एनॉक आत आला. मला बघून त्याने खिशातला हात खिशातच ठेवला आणि आईकडे बघून डोळा मिचकावला.