पाचवं बटण

एक पांढरं बटण, चार भोकांचं, कडेला जरासं उडालेलं. नर्सने बायकोच्या वस्तूंची पिशवी हातात दिली तेव्हा चष्मा, घड्याळ, रुमाल यांच्या तळाशी ते होतं. डॉक्टर "आम्ही आमच्याकडून सगळं केलं" असं काहीसं बोलत होते आणि तो बटणाकडेच बघत राहिला. मुलीच्या फ्रॉकचं बटण. म्हणजे ही हॉस्पिटलातही ते सोबत घेऊन आली होती...

आज तेच बटण खिशात घेऊन तो सकाळी दहापासून कोर्टातल्या बाकावर बसला होता. दुसऱ्या टोकाला शिकवणीचे सर. जामिनावर सुटलेले, इस्त्रीच्या शर्टात, शब्दकोडं सोडवत. मुलीला त्यांच्यासमोर आणायचं नाही असा नियम. पण मुलांची वेगळी खोली फायलींनी भरलेली, म्हणून ती चहाच्या खोलीत, कपाटाआड.

"साक्षीदार नंबर एक!" शिपायाने पुकारा केला.

"माझी बायको वारली," तो उठून म्हणाला. "मागच्या तारखेलाही सांगितलं होतं."

"दाखला?" कारकुनाने मान वर केली नाही.

"दिलाय. दोनदा."

"फाईलला दिसत नाही, काका. आणखी एक प्रत द्या. नाहीतर गैरहजर म्हणून उगाच वॉरंट निघेल त्यांच्या नावाने."

"काढा. सापडली तर मलाही कळवा."

तो परत बसला. तीन वर्षं झाली. मुलीने आधी आईला सांगितलं, मग पोलीस ठाण्यातल्या बाईंना, मग डॉक्टरांना, मग तपास दुसऱ्या साहेबांकडे गेला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रत्येकाने विचारलं, नीट आठव बाळ, वार कोणता होता? आठ वर्षांच्या पोरीला वार!

आणि ही, तिची आई... लोकांचे कपडे शिवणारी, घरात तुटलेलं बटण रात्रभर राहू न देणारी. त्या संध्याकाळी मुलगी शिकवणीहून बटण तुटून आली, ही फ्रॉकला नवं लावत होती आणि मुलगी समोर बसून हळूहळू सांगू लागली. हात थांबले नाहीत. गाठ मारून तिने दाताने दोरा तोडला, तेव्हा मुलीचं सांगूनही झालं होतं. तसाच फ्रॉक पोलिसांनी नेला. पंचनाम्यात लिहिलं: फ्रॉक सुस्थितीत, पाचही बटणे जागेवर. सरांचा वकील जामिनाच्या वेळी तेवढंच वाक्य धरून बसला: बळजबरी झाली तर एकही बटण कसं तुटलं नाही? तुटलेलं बटण पुढे मुलीच्या कंपासपेटीत सापडलं. "साक्षीत सांगेन मी सगळं," ही म्हणायची. अकरा तारखा पडल्या...

सरकारी वकीलबाई घाईघाईने आल्या. त्याने बटण पुढे केलं.

"काका, हे आता? कुठून आलं, हे सांगणार कोण?"

"मुलगी सांगेल."

"सांगेल, पण आज नाही. जजसाहेब प्रशिक्षणाला गेलेत."

"कसलं?"

त्या जरा घुटमळल्या. "मुलांचे खटले लवकर कसे चालवायचे, त्याचं."

हसावं की बाक उचलून आपटावा... त्याने पुढची तारीख हातावर लिहून घेतली आणि मुलीला आणायला गेला.

"आज पण नाही?" तिने दप्तर उचललं. "मग तोवर विसरून जाऊ का, बाबा? परत आठवेन मी."

त्याने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. पायऱ्या उतरताना अंगठा खिशातल्या बटणाची उडालेली कड चाचपत होता. जामीन झाला त्या दिवशी तो घरी येऊन बायकोवर ओरडला होता: "कशाला लावलंस ते बटण? एक दिवस राहिलं असतं तर?" ती उठून मशीनवर जाऊन बसली. तेव्हापासून तो कारकुनावर चिडला, पोलिसांवर चिडला, तारखांवर चिडला, आणि त्या सगळ्या चिडीखाली हेच एक वाक्य त्याने जपून ठेवलं होतं, तिच्याविरुद्ध. आज ते वाक्य हाताला लागलं... आणि पोरगी असं काही सांगत असताना माझे हात तरी थांबले असते का?

तुझी चूक नव्हती, हे बायकोला सांगायचं राहून गेलं. मुलीची साक्ष अजून व्हायची आहे.